बेटावरचा चहा

मारुंजीतून सकाळी सहाला मोटारसायकल बाहेर काढली तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ दूध घेऊन येत होते. म्हणाले, "रविवारी एवढ्या लवकर? कोणी गेलं का?" आमच्या सोसायटीत सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत उठणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर स्मशानाच्या वाटेवर. मी म्हटलं, "बेटं बघायला चाललोय, मुळशीच्या पाण्यातली." ते म्हणाले, "मुळशीत कुठली आली बेटं?" ते नांदेडचे, मी लातूरकडचा. दोघंही हिंजवडीत संगणकापुढे डोळे फोडून घेतो, मुळशी तालुक्यात घरभाडं भरतो आणि मुळशी म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नाही.

ही २००४ च्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्यात देवधर सर म्हणून निवृत्त इतिहास शिक्षक होते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की ते आठ जणांचा गट जमवायचे आणि लाँचमधून बेटं दाखवायचे. ही बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. धरण बांधलं तेव्हा खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, आणि मे महिन्यात त्यांतली देवळं, पायऱ्या, घरांची जोती थोडे दिवस वर येतात. हे सगळं मला सरांच्या पत्रकात वाचूनच कळलं होतं.

पौडला थांबून भजी खाल्ली. तेल कधीचं होतं देव जाणे, पण भूक खरी होती. पुढे रस्ता डोंगराच्या अंगाने वर चढला आणि एका वळणावर पाणी दिसलं. मी गाडीच थांबवली. निळं पाणी खाली गेलेलं, आणि त्याच्या चहूबाजूंनी डोंगरांना तांबड्या मातीचे पट्टे पडलेले. धुऊन आटलेल्या लुगड्यासारखं ते पाणी आपल्या जागेला पुरत नव्हतं.

धक्क्यावर आम्ही आठ जण, सर, आणि लाँचवाला किसन. शिवाय एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर फडक्याचं गाठोडं. किसन जरा ओशाळून म्हणाला, "आत्या हाय माजी, हौसाबाई. दुसऱ्या बेटावर तिचं काम हाय. चालंल न्हवं?" सर म्हणाले, "चालेल की." मी तिच्या शेजारीच बसलो. मला आयटीतल्या माणसांपेक्षा म्हाताऱ्या बऱ्या वाटतात, त्या बोलतात तरी.

आणि हौसाबाई बोलली. तिच्या नातीचं, मनीषाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. लग्नाच्या पहिल्या अक्षता वाघजाईला, मग सोयऱ्याधायऱ्यांना, अशी त्यांच्याकडची रीत. आणि वाघजाई त्या दुसऱ्या बेटावर, त्यांच्या बुडालेल्या गावात.

"वर्सातनं म्हयनाभर वर येती. मागल्या साली पानी उतरलंच न्हाई. आई वर आलीच न्हाई. मंग काय, लगीन म्होरं ढकललं."

"वर्षभर?" मी विचारलं.

"तर. पोराकडली मान्सं लई बोलली. औंदा न्हाई केलं तर मोडतो म्हनाली. आज हळद लावली की सुटले." तिने गाठोड्यावर हात ठेवला. "परत लाँच आठ दिसांनी हाय. तवर मांडव पडतोय."

मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. लग्नासाठी हॉल मिळत नाही म्हणून थांबलेले लोक मी पाहिले होते. देव पाण्यातून बाहेर येत नाही म्हणून थांबलेलं घर पहिल्यांदाच पाहत होतो.

अर्ध्या वाटेवर किसनने एकदम इंजिनाचा आवाज कमी केला. मला वाटलं बिघाड झाला. तो म्हणाला, "खाली घरं हायेत. पंखा आडाकतोय." मी वाकून पाहिलं. पाण्यात हातभर खाली भिंतीची एक सरळ काळी रेघ चाललेली, मध्ये दाराएवढी मोकळी जागा. कुणाच्या तरी ओसरीवरून आपण इंजिन फटफटवत चाललोय, हे मनाला झेपेना. गटातल्या एक बाई म्हणाल्या, "बाई गं, म्हणजे आपण गावाच्या डोक्यावर आहोत." हौसाबाई शांतपणे म्हणाली, "ह्यो पाटलाचा वाडा. आमचं म्होरं हाय. माज्या सासूनं दावलं हुतं."

पहिल्या बेटावर जुन्या गढीचा बुरूज होता. सरांनी तिथे तासभर इतिहास सांगितला. उतरताना माझा पाय मळईत (धरणाच्या तळाशी साचलेला मऊ गाळ) गुडघ्यापर्यंत गेला. पाय निघाला, चप्पल राहिली. किसनने दांड्याने ती उकरून काढली आणि म्हणाला, "सायेब, मळईला वरनं बघून भुलायचं न्हाई." सगळे हसले, मीही हसलो.

दुसरं बेट मोठं होतं. वर दगडी देवळाचं जोतं, चार खांब, अर्धा नंदी. सर म्हणाले, "बेटावर पाहण्यासारखं एवढंच आहे, पण ते फार जुनं आहे." हौसाबाई किसनचा हात धरून पलीकडच्या बाजूला गेली. देवीपुढे जायच्या आधी तिला त्याच पाण्यात अंघोळ करायची होती. मी मनात म्हटलं, हिची वाघजाई देवळात असणार, अंघोळ करून म्हातारी येईल हळूहळू वर.

जेवणाआधी चहा हवा अशी टूम निघाली. दूध, साखर, पातेलं सगळं होतं, पण स्टोव्हची पिन तुटलेली. सर हळहळले. आणि इथे माझ्या अंगात आलं. मी म्हटलं, "स्टोव्ह कशाला हवा? मी खेड्यातला माणूस आहे, तुम्ही देऊळ बघून या, पाच मिनिटांत चूल पेटवतो." शहरी माणसांपुढे खेडवळपणाचा तोरा मिरवायची मला भारी हौस. आमच्या वावरात सुगीच्या दिवसांत तीन दगडांवर चहा मीच करायचो.

लाकडाला तोटा नव्हता, पाण्याने आणून टाकलेल्या वाळक्या फांद्या जागोजाग पडल्या होत्या. दगड मात्र मनासारखे मिळेनात. चुलीला दगड कसेही चालत नाहीत. तिन्ही एका उंचीचे हवेत, बूड सपाट हवं, डोकं गोल हवं, नाही तर पातेलं कलंडतं. शोधता शोधता उंबराच्या एका मेलेल्या खोडापाशी आलो तर तिथे अगदी हवे तसे तीन दगड. मातीत थोडे रुतलेले, गुळगुळीत, मधला जरा थोराड. मी खूश होऊन तिन्ही उपटले आणि दोन खेपांत नेले. बेटावर चांगल्या दगडांचा एवढा दुष्काळ असताना हेच तीन एका ओळीत कसे, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

जाळ फर्मास लागला. उकळी येता येता खालून फट्ट असा आवाज झाला. पाण्यातला दगड चुलीला लावू नये, आत ओल असते, तो फुटतो, हे मला आईने लहानपणीच शिकवलेलं. म्हटलं, फुटेना का, चहा तर झाला. मंडळी देवळावरून आली, चहा प्यायली, माझी तारीफ झाली. तेवढ्यात हौसाबाईही आली. लुगडं ओलं, केस ओले. मी विचारलं, "आजी, चहा चालेल का? उपास असेल तुमचा."

"च्याला कसला उपास." तिने कप दोन्ही हातांत धरून घोट घेतला. "ब्येस झालाय. थंडी मारली बग." कप ठेवून, गाठोडं उचलून ती निघाली, आणि देवळाकडे न जाता उंबराच्या खोडाकडे चालू लागली.

ती पाच-सहा पावलं गेली असेल, तेवढ्यात मी चुलीतल्या दगडांकडे पाहिलं.

आमच्या वावराच्या बांधावरही असाच देव आहे. तांदळा म्हणतात त्याला, म्हणजे न घडवलेला, नुसता दगडाचा देव. त्याच्या अंगावर शेंदराची इतकी पुटं की मी आंधळा झालो तरी ओळखेन. पण हे दगड वर्षातले अकरा महिने पाण्यात असायचे, मागल्या साली तर वर आलेच नव्हते. यांचा शेंदूर दरवर्षी पाणी धुऊन नेत होतं. शेंदूर नसला तर मला देव ओळखता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

हौसाबाई खोडापाशी वाकली. मातीतल्या तीन खळग्यांवर तिने हात फिरवला. मग उठून खोडाच्या मागे पाहिलं, परत पुढे आली. "किसना," ती म्हणाली, "आई कुटं गेली रं?"

किसन धावला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. त्यांनाही उमगलं. माझा दंड धरून ते हलक्या आवाजात म्हणाले, "बोलू नका. थंड झाले की आपण ठेवून देऊ. शेंदूर लावला की काजळी दिसायची नाही. उगीच म्हातारीचा जीव कशाला दुखवायचा?" गटातल्या दोघातिघांनी माना हलवल्या. मला ते पटलंही, खरं सांगतो. पण मी जाळ बाजूला ओढला आणि थोराड दगड पाहिला. तो वरपासून खालपर्यंत उभा चिरला होता, आणि काठीने ढोसताच दोन फाका होऊन पडला. हे शेंदराने झाकण्यातलं नव्हतं.

मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "आजी, ते दगड मी नेले. चुलीला लावले. मला माहीत नव्हतं."

ती राखेपाशी येऊन बसली. कडेचे दोन दगड म्हणजे वाघजाईच्या बहिणी, ते धड होते, काळे झालेले. मधल्या थोराड दगडाची, वाघजाईची, एक फाक तिने उचलली, चटका बसला तशी पदरात धरली.

"ह्याच्यावर च्या केला?"

"हो."

"म्या प्येले त्यो?"

मी होकाराची मान हलवली. तिने ओठांवरून पदर फिरवला, एकदा, दोनदा, जोरात. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. त्यातली एखादी तिने घातली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो. ती शिवी देत नव्हती. ती त्या फाकेलाच म्हणाली, "परकी पोरं हायेत, आई. त्यास्नी ठावं न्हाई."

किसन म्हणाला, "आत्या, भंगलेला देव पुजत न्हाईत. पान्यात सोडावा लागंल." तिला ते माहीत होतं. तिने दोन्ही बहिणींना पाण्याने धुतलं, त्यांच्या खळग्यांत बसवलं, हळद लावली, शेंदूर लावला. मधला खळगा तसाच राहिला. फुटक्या दोन्ही फाकांना तिने हळदीचं एकेक बोट लावलं आणि माझ्या हातात दिल्या.

"तू सोड. माज्या हातानं व्हायाचं न्हाई."

माझी आई घरी पहिला घास नवऱ्याच्या आधी देवाला ठेवते. त्या आईचा मी मुलगा. मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो. दगड अजून कोमट होते. हात पाण्याखाली नेऊन सोडले. हौसाबाईने काठावरून मूठभर अक्षता पाण्यावर टाकल्या, "मनीच्या लग्नाला ये," म्हणाली आणि पाठ फिरवली. बेटावर कुणी जेवलं नाही. डबे तसेच बांधलेले परत आले.

परतीला सरांनी तिसरं बेट लाँचमधून लांबूनच दाखवलं, कुणी पाहिलं नाही. मी हौसाबाईच्या शेजारी बसायला धजलो नाही, पण धक्क्यावर उतरताना तिला हात दिला. तिने तो धरला. मी विचारलं, "आजी, लग्न होईल ना?"

"हुईल की. आमंतरन पोचलं तिला." मग तिने पाण्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, ती मला खरंच विचारत होती. "पर औंदापत्तुर पानी उतरलं की ती वर यायाची. आता पानी उतरल्यावर म्या कुनाची वाट बघू?"

मी दुपारी उन्हात मारुंजीला आलो. शेजारच्यांनी जिन्यात विचारलं, "मग, आहेत का मुळशीत बेटं?" मी आहेत म्हणालो. रविवारी आईचा फोन येतो, तसा आला. "कुठं गेला होतास? काही देवदर्शन घडलं का?" तिने नेहमीसारखं विचारलं. मी सगळं सांगितलं, चहाचंही. ती एवढंच म्हणाली, "आणि त्या बाईला तू काय उत्तर दिलंस?"