बोनेटवरचं मुशीचं तेल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मित्रांत बसलो असताना नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं — तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलतोय? तुम्ही माझ्या भावोजींना ओळखत नाही म्हणून असेल. पण आधीच सांगून ठेवतो — भावोजींचं नाक कापलं याचा मला आजही पश्चात्ताप नाही. छे! पुन्हा संधी आली तर पुन्हा कापीन. बोलायचंय ते वेगळंच. येतो तिथपर्यंत. जरा वेळ लागेल.

आम्ही उरणजवळच्या करंज्याचे, कोळी. बाबांची होडी होती. ताई पनवेलजवळ सुकापूरला दिलेली. तिच्या सासरच्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि भावोजींच्या अंगात वारं शिरलं. उरणला बंदरावरची माझी कंत्राटी नोकरी सुटली तेव्हा ताईनंच मला बोलावून घेतलं. दीड वर्ष मी त्या घरात राहिलो, जेवलो. खाल्ल्या घरचे वासे मोजले म्हणाल — म्हणा. मोजलेच.

ताई मागच्या अंगणात सुकी मासळी करायची. करंज्याहून ओले बोंबील आणायचे, बांबूंना दोऱ्या बांधून त्यांवर वाळवायचे, बांगडे खारवायचे. आगोट जवळ आली, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस आले, की नवीन पनवेलच्या इमारतींतल्या बायका तिचं नाव विचारत यायच्या. भावोजींचं नाव नाही — तिचं! त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. भावोजींना त्या वासाची लाज वाटायची. बंद कर, म्हणायचे. ती हसून टाळायची. बंद पाडायला त्यांना एक चांगलं निमित्त हवं होतं, एवढंच.

मी गाड्या रंगवायला शिकत होतो. जनावरं विकल्यावर रिकाम्या पडलेल्या गोठ्यात. शिकवणारं कुणी नव्हतं. पनवेलच्या एका गॅरेजसमोर टपरीवर चहा घेत बसायचो आणि तिथल्या पेंटरचा हात बघायचो. भंगारवाल्याकडून गाडीचा एक दरवाजा आणला होता. त्याला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं, प्रायमर मारायचा, रंग मारायचा आणि सगळ्यांत शेवटी क्लिअर — रंगावरचा तो पारदर्शक थर, ज्यानं चमक येते. पहिला क्लिअर ओघळला. दुसरा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला. तिसऱ्याला डास चिकटले. घासा परत! तेराव्या की चौदाव्या खेपेला त्या दरवाज्यात मला माझं तोंड दिसलं. मी वेड्यासारखी हाक मारली. ताई आली, वाकली, आणि त्या दारात बघून तिनं कपाळावरची टिकली सारखी केली. तशी शाबासकी मला नंतर कुणी दिली नाही.

संध्याकाळी भावोजी आले आणि त्याच दारावर चावीनं एक लांब रेघ ओढली. म्हणे, "टिकतो का बगतो." हेही मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं.

पण मग त्यांच्या धाकट्या भावाचा साखरपुडा झाला. बाबा करंज्याहून आले होते, पांढरा शर्ट घालून, पापलेटांची पाटी घेऊन. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच त्या माणसाला ठाऊक. आणि भावोजी भर पाहुण्यांत म्हणाले, "पाटी मागं न्या, पावन्यांना वास येल. आनि बाबा, तुमी पन मागंच बसा." काही लोक हसले. बाबाही हसले. तेच मला सहन झालं नाही — ते हसले! पाटी मागे ठेवली, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि न जेवता उरणच्या एसटीत जाऊन बसले. पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत.

मी तिथंच उभा होतो. काय केलं? काही नाही. पंगतीत वाढत राहिलो. पण त्या दिवशी मी डूख धरला.

लग्न पंधरा-वीस दिवसांवर आलं आणि भावोजींनी गाडी फाटकावर घातली. बोनेट चेपलं, रंग उडाला. नवरदेव त्याच गाडीतून जायचा होता. लग्नसराईत एकाही गॅरेजला सवड नव्हती. भावोजी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. ताई मध्ये पडली. "माझा भाव करंल. मी सांगते ना!" म्हणाली. तिनं माझ्यासाठी शब्द टाकला. मी मान खाली घालून उभा होतो आणि आतून नुसता उकळत होतो. देव आपल्या बाजूनं आहे असं वाटलं मला.

आता हे नीट ऐका, कारण हे फक्त आमच्यासारख्यालाच सुचेल. होडीच्या लाकडाला आम्ही मुशीचं तेल पाजतो. मुशी म्हणजे लहान शार्क. त्या तेलानं लाकूड टिकतं, पण त्यावर रंग कधी धरत नाही — करंज्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी बाबांकडून बाटलीभर तेल आणलं. त्याच भंगारच्या दारावर करून पाहिलं. तेल जास्त झालं की क्लिअरला लगेच खड्डे पडायचे, चोरी उघडी. कमी झालं की काहीच व्हायचं नाही. शेवटी माप सापडलं. रंग वाळला की तेल लावलेल्या कापसाच्या बोळ्यानं नुसता हात फिरवायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग क्लिअरचे दोन हलके फवारे आणि त्यावर भरपूर. दिसायला आरसा! पण आठवड्याभरानं चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा तिच्याबरोबर सुटायचा. एवढी चिकाटी मी चांगल्या कामात कधी दाखवली नव्हती.

बोनेट तयार झालं तेव्हा भावोजी त्याच्याभोवती दोनदा फिरले. ताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला — आनंदानं.

लग्नाच्या दिवशी फुलांच्या माळा आणि रिबिनी चिकटपट्टीनं बोनेटवर बसवल्या. हॉलच्या दारात वरात थांबली, एक माळ सुटून लोंबायला लागली. भावोजींनी सगळ्यांपुढे रुबाबात ती ओढली — आणि तिच्याबरोबर पट्टी, आणि पट्टीबरोबर हातभर लांब पापुद्रा! त्यांनी तो दाबून बसवायला बघितला, तर अजून निघाला. व्हिडिओवाल्याचा लाईट नेमका तिथेच. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "गाडी कात टाकतेय!" हशा काय पिकला! भावोजी हातात तो पापुद्रा घेऊन मध्ये उभे, आणि हसले. बाबांसारखेच हसले. आहाहा! नंतर लग्नाची सीडी आली तेव्हा मी तो भाग तीनदा मागे घेऊन पाहिला. खोटं कशाला बोलू?

इथवर ठीक होतं. उट्टं निघालं. भावोजींना मी तोंडावर सांगणारही होतो — हे बाबांसाठी. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. मग घरातून हाकललं असतं, चार तडाखे दिले असते. बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात आले. डोळे लाल. "काय केलंस बोनेटला?" एवढंच विचारलं. आणि माझी पाचावर धारण बसली. वाक्य कुठच्या कुठे गेलं. ताई दारात उभी होती, तिच्या मागे अंगणातले बांबू, दोऱ्यांवर बोंबील. आणि मी म्हणालो — ऐकताय ना? — मी म्हणालो, "भावोजी, तेलकट हात लागला असेल. ताई बांगडे हाताळते ना, त्याच हातानं बोनेट पुसलं असेल. रंगाला तेल चालत नाही."

तिनं पुसलं होतं का? नव्हतं. पण तिला आठवेना. तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

भावोजी ओरडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा निवळला. सरळ अंगणात गेले, दोऱ्या कापल्या, बोंबील नाल्यात ओतले आणि बांबू उपटायला लागले. एक हलेना. मला म्हणाले, "दुसरी बाजू धर." मी धरली. माझ्या हातांनी मी तो बांबू उपटला. महिन्याभरात तिथे कोबा झाला आणि गाडी उभी राहू लागली. आगोटीला बायका आल्या, ताईनं दारातूनच परत पाठवल्या. पुढच्या आगोटीला कमी आल्या. मग कुणी आलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. पण इथे सुकं कुठे जळलं? भावोजी आजही लोकांना सांगतात, आमचा मेवना पनवेलातला एक नंबरचा पेंटर हाय. जळली ती एकटी ताई.

त्याच दिवशी दुपारी ती गोठ्यात आली होती. डोळे सुजलेले. "माज्या हातानं तुजं पयलं काम बिगडलं रं," म्हणाली. "माफ कर मला." आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, जाऊ दे ताई, होतं असं कधीकधी. मी तिला माफ केलं. समजतंय का तुम्हाला? मी — तिला — माफ केलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. गेल्या भाऊबीजेला ताई ओवाळायला तिथेच आली. स्टँडवर ताजा क्लिअर मारलेला एक दरवाजा होता. त्याच्याजवळून जाताना तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून छातीशी धरले आणि अंग चोरून, भिंतीला घासत पलीकडे गेली.

मी म्हणालो, "सांभाळून हं, ताई."