मेणावरचा अंगठा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही माझ्या घरचे नाही, म्हणून असेल कदाचित.

लग्न होऊन मी चिंचवडहून सुदुंबऱ्याला आले. बी.एस्सी. झालेली सून, म्हणून गावात कौतुक व्हायचं आणि — खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं. करोनात शाळा बंद पडली तेव्हा गौरीला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, मीच घरी शिकवू लागले. पृथ्वीवर जीव कुठून आला, हे तर फारच हौसेनं. ओट्यावर आबा, माझे सासरे, विळ्याला धार लावत ऐकायचे. "आमाला देवानं केलं म्हनून सांगितलं. आता तू सांगशील ते," म्हणायचे आणि हसायचे.

प्रयोग साधा होता. भाताचा पेंढा घालून पाणी उकळलं, दोन बरण्यांत भरलं. एक उघडी ठेवली. दुसरी गरम असतानाच बंद केली — झाकणाभोवती मेणबत्तीचं मेण, आणि त्या मेणावर गौरीचा अंगठा, तिची स्वतःची मोहर. थोड्या दिवसांनी उघड्या बरणीत डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. बंद बरणी स्वच्छ. जीव जिवातूनच येतो, मी ऐटीत म्हणाले.

"मग पहिला कुठून आला?" गौरीनं विचारलं.

मी सांगितलं ते काही चूक नव्हतं — फार फार पूर्वी, पाण्यात, निर्जीवातून, हळूहळू. पण ती म्हणाली, मग वाट पाहिली तर या बंद बरणीतही येईल. तसं बरणीत होत नाही, आणि नेमकं कसं झालं ते मला माहीत नाही, अजून कुणालाच पुरतं माहीत नाही — एवढंच म्हणायचं होतं ना? आबांसमोर 'माहीत नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना. "बघू या वाट," म्हणाले.

पोर उठल्या उठल्या बरणीपुढे जाऊन बसायची. "आला का गं जीव?" आबा चिडवायचे. ती हिरमुसायची. झोंबायचं मात्र मला.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं — सांगतेच आता — मी मेण फोडलं, उघड्या बरणीतलं चमचाभर पाणी अळ्यांसकट आत ओतलं, झाकण लावलं, नवं मेण ओतून वर माझा अंगठा दाबला. मुलीचं तोंड उतरलेलं बघवेना म्हणून केलं, असं मी पुष्कळ दिवस मनाला पटवत होते. ते खरं नाही. मला आबांचं हसणं बंद करायचं होतं.

संध्याकाळी गौरी अंगणभर नाचली. मग बरणी जवळ घेऊन तिनं मेणावर आपला अंगठा ठेवून बघितला. मेणावरचा ठसा तिच्या अंगठ्याहून मोठा होता. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, सरळ आबांपुढे जाऊन उभी राहिली. "आबा, तुम्हीच उघडली. माझी चेष्टा करायला."

"न्हाई गं बाय. म्या हात बी न्हाई लावला."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं का? आजही सांगता येणार नाही. मी नुसती मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "जाऊ दे गौरी. आबांना नाही कळत त्यातलं."

झालं. तिच्यापुरता निकाल लागला.

ती त्यांच्याबरोबर ओढ्यावर खेकडे धरायला जायची, ते थांबलं. त्यांच्या ताटात जेवायची, तेही. पोरं विसरतात म्हणतात, ही विसरली नाही. आता मैत्रिणींना हसून सांगते, आमच्या आबांनी माझा प्रयोग बिघडवला होता. मीही तिथे उभी राहून हसते. हे हसणं मला कसं जमतं?

गेल्या वर्षी आबा गेले. त्याआधी अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी त्यांना पेज भरवत असताना त्यांनी विचारलं, "पोरगी अजून रागावलीय का माझ्यावर?"

"नाही आबा. तिला आठवतही नाही."

"मग जवळ का येत न्हाई?"

अभ्यास असतो तिला, मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले, "शिकू दे."