पाचशेचं की आठशेचं

"टेबल पाचशेचं, जॉब साडेचारशेचा. मावतो. यात भांडायचं काय आहे?" रामजींनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"सरळ असताना मावतो, बाबा. तिरपा झाल्यावर काय?" मैत्रीनेही तिसऱ्यांदा तेच विचारलं.

"आधी माझा पोळपाट द्या," मैत्रीची आई, कुसुमबाई म्हणाल्या. "कणीक वाळायला लागली."

पोळपाट मिळणार नव्हता. बहरीनमधल्या झिंजच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर एक खोकं आडवं ठेवलं होतं. मैत्रीने ते लहान मशीनच्या आतल्या जागेएवढं, पण अर्ध्या मापाने कापलं होतं. आत पोळपाट, पोळपाटावर स्टीलचं पातेलं, आणि वरच्या भोकातून खाली आलेलं लाटणं. पोळपाट म्हणजे मशीनचं टेबल, पातेलं म्हणजे जॉब, कापायचा धातूचा तुकडा, आणि लाटणं म्हणजे कापणारं टूल. शुक्रवारची सुट्टी, जेवायची वेळ टळून गेलेली आणि अख्खं स्वयंपाकघर रामजींच्या सलमाबादच्या वर्कशॉपच्या कामाला लागलेलं.

गोष्ट एवढीच होती की समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटच्या पंपांचे पंखे बनवायचं काम आता रामजींच्या वर्कशॉपला मिळणार होतं. त्या पंख्यांची पाती वळलेली असतात. ती कापायला टेबल फिरणारं आणि कलणारंही हवं, म्हणजे फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन हवं. टेबलाची दोन मापं समोर होती, पाचशे मिलिमीटरचं आणि आठशेचं. रामजींचं बोट पहिल्या दिवसापासून पाचशेवर होतं.

"बघा," म्हणत मैत्रीने पोळपाट कलवला. अर्ध्यावरच पातेल्याची कड खोक्याला ठण्णकन लागली, आणि लाटण्याला खाली उतरायला जागाच उरली नाही. "हे घरात झालं म्हणून आवाज आला. तिकडे झालं तर टूल फिरवणारा स्पिंडलच जाईल."

रामजी पातेल्याकडे बघत राहिले. महाडच्या आयटीआयचा टर्नर, लेथवरचा माणूस. जन्मभर जॉब फिरताना पाहिला, तो एका जागी, एका रेषेत. फिरता फिरता कलणारा जॉब त्यांच्या हिशेबातच नव्हता. पण चूक दिसली म्हणून ते लगेच मान डोलावणाऱ्यातले नव्हते.

"आठशेचं ठेवणार कुठे? गाळा काय रबराचा आहे?"

"लेथ काढला की बसतं. मी खडूने आखून आलेय."

"लेथ राहणार."

"त्याच्यावर महिन्याला चार पिना होतात, बाबा. शेजारचे जैनुद्दीनचाचा दोनदा मागून गेलेत. त्यांच्याकडे जहाजांच्या शाफ्टची रांग लागलीये."

"राहणार म्हटलं ना. खलास."

आता कुठे कुसुमबाईंना कळलं की भांडण मशीनच्या मापाचं नव्हतंच. पाचशेचं मशीन लेथ न हलवता बसत होतं, म्हणून पाचशेचं.

तो लेथ त्यांना सवतीसारखा माहीत होता. चोविसाव्या वर्षी रामजी बहरीनला आले ते त्याच्यावर उभे राहायला. जुन्या मालकाने गाशा गुंडाळला तेव्हा तोच लेथ उचलून त्यांनी सलमाबादेत स्वतःचा गाळा मांडला. दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीखाली गाळ्यातली सगळी माणसं जमत. त्याआधी रामजी शर्ट काढून लेथ धूत, पुसत, तेल घालत. हळद-कुंकू नाही, माळ नाही. दसऱ्याला आजूबाजूच्या गाळ्यांतून झेंडू आणि पेढे आले की पेढा खात आणि पोरांना सांगत, मशीनला तेल लागतं, फुलं लागत नाहीत.

कुसुमबाईंनी कणकेवर फडकं टाकलं आणि हात पुसत टेबलाशी आल्या.

"अहो, एक विचारू? तेहतीस वर्षं लोकांच्या मशीनवरच्या माळा बघून नाक मुरडलंत. लोखंडाला हात जोडायचे नाहीत म्हणालात."

"मग? कधी जोडले मी?"

"जोडले असतेत तर बरं झालं असतं. हात जोडून माणूस कामाला तरी लागतो. तुम्ही तर त्याच्यापुढे आडवेच पडलाय. लेकीने उठा म्हटलं तरी उठत नाही."

मैत्रीने ओठ आवळून खिडकीबाहेर पाहिलं. हसली असती तर प्रकरण तिथेच बिघडलं असतं.

रामजी उठले. त्यांनी पातेलं उचललं, लाटणं उचललं, दोन्ही खोक्यात टाकून खोकंही घेतलं, पोळपाट काखेत मारला आणि गाडीची किल्ली घेऊन निघाले.

"अहो, जेवण!"

दार लागलं होतं.

कुसुमबाईंनी परातीच्या पाठीवर, काचेच्या बाटलीने पोळ्या लाटल्या. एकही गोल झाली नाही. "तुझ्या बापाचं टेबल कललं वाटतं," त्या म्हणाल्या, तेव्हा मात्र मैत्री हसली. मग हळूच म्हणाली, "आई, मी जास्त बोलले का?"

"तू मापाचंच बोललीस. जास्तीचं मी बोलले. जेव."

संध्याकाळची मगरीबची बांग होऊन गेल्यावर रामजी परतले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हातांना नखांपर्यंत काळं तेल, पँटच्या गुडघ्यांवर खडूची पांढरी भुकटी. म्हणजे गुडघे टेकून फरशीवरच्या रेघा स्वतः मोजून आले होते. आणि लेथ धुऊन आले होते, एप्रिलला अजून पाच महिने असताना. कुसुमबाईंना हे हातांवरूनच कळलं. त्यांनी विचारलं नाही.

खोक्यासकट पोळपाट ओट्यावर ठेवला गेला. त्याच्या कडेला ग्रीस लागलं होतं आणि पेन्सिलने आकडे लिहिलेले होते.

रामजींनी साबणाने दोनदा हात धुतले, खुर्ची ओढली आणि वाकड्या पोळीचा तुकडा मोडला.

"आठशेचं घेतोय," ते म्हणाले. "रविवारी सकाळी फोर्कलिफ्ट येईल. लेथ जैनुद्दीनकडे जाईल. भाजी वाढ."