दरीवर अकरा मिनिटं

लिफ्टकाकांचं वजन अठ्ठेचाळीस किलो. तरुणपणीही तेवढंच आणि निवृत्तीनंतरही तेवढंच. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला ही अंगकाठी सोयीची होती. दुसऱ्या मेकॅनिकचं पोट जिथे अडायचं, तिथे काका पाना घेऊन सहज शिरायचे.

चौतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायची त्यांची पद्धत ठरलेली होती. बंद दाराला तोंड लावून ओरडायचं, "घाबरू नका, दोन मिनिटांत काढतो!" आणि जिने चढून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचं. तिथे ब्रेक सैल करून हातानं चाक फिरवलं, की लिफ्ट इंच-इंच सरकत मजल्याला लागायची. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका अशा बाहेर आल्या, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुमची दोन मिनिटं फार मोठी असतात हो." काकांना ते लागलं. नऊ मजले धापा टाकत चढलो, त्याचं हे बक्षीस, असं त्यांनी घरी आल्यावर काकूंना सांगितलं.

निवृत्तीनंतरच्या वर्षी लेक आणि जावई काका-काकूंना क्रूझवर घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी बोट एका बेटाला लागली. लेकीनं तिथे झिपलाइन ठरवून ठेवली होती. दरीवर आरपार ताणलेली तार, तिला पट्ट्यांनी लटकायचं आणि पलीकडच्या डोंगरापर्यंत घसरत जायचं. काका नको म्हणाले. काकू म्हणाल्या, "मला बांधून न्या, पण न्या." काकू अंगानं काकांच्या दुप्पट, आणि हौसेनं त्याहून जास्त. शेवटी काकाही निघाले.

तार जिथून सुटायची त्या लाकडी चौथऱ्यावर एक मराठी प्रशिक्षक मुलगी होती. उन्हानं रापलेली, कमरेला कड्यांचा जुडगा. काकांनी हेल्मेट डोक्यावर चढवायच्या आधी तारेवरून अंगठा फिरवला.

"रोज तपासता?"

"रोज सकाळी, काका."

"आतली बारीक तार तुटून काटे वर येतात, ते कसं बघता?"

"फडकं फिरवतो. काटा असला की धागा अडकतो."

उत्तर बरोबर होतं. काकांनी हेल्मेट चढवलं. मग त्या मुलीनं वजनाची नोंद बघितली. "तुम्ही हलके आहात आणि वारा समोरून आहे. पाय पोटाशी घेऊन बसा, नाहीतर मध्येच थांबाल."

जावई गेले, लेक गेली, काकू गेल्या. काकूंची किंकाळी पलीकडे पोचेपर्यंत ऐकू येत होती. काका शेवटी सुटले. पाय पोटाशी घ्यायचे ते विसरून गेले, कारण त्यांची नजर डोक्यावरच्या कप्पीवर होती. बेअरिंगचा आवाज कसा येतोय तेच ते ऐकत राहिले. पलीकडचा चौथरा पंधरा-वीस हातांवर आला, वेग मेला, आणि काका मागे घरंगळत जाऊन तारेच्या झोळात, बरोबर दरीच्या मध्यावर थांबले.

मागून त्या मुलीची हाक आली, "काका, घाबरू नका! दोन मिनिटांत येते!"

काकांनी घड्याळ बघितलं. दहा चाळीस.

लिफ्टच्या बोगद्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण तिथे पायाखाली लिफ्टचं छत असायचं. इथे बुटांखाली झाडांचे शेंडे होते आणि त्यावरून एक पांढरा पक्षी चालला होता. उडणारा पक्षी वरून बघायची त्यांना सवय नव्हती. पट्टे मांड्यांत रुतायला लागले. ही तार आपल्यासारखी पन्नास माणसं पेलेल हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. मागे वळून बघितलं तर ती मुलगी पाठमोरी वाकून कड्यांशी काहीतरी करत होती. काय करतेय, किती वेळ लागेल, कोणी सांगत नव्हतं. चार मिनिटं झाली. काकांना त्या मुख्याध्यापिका आठवल्या.

"अहो! ऐकताय का?" पलीकडच्या चौथऱ्यावरून काकू ओरडल्या.

"न ऐकून जातोय कुठे!"

"निघताना गॅस बंद केला होतात ना?"

"केला होता!"

"आणि मागची खिडकी?"

"ती तू लावणार होतीस!"

"मी? मी तुम्हाला दोनदा सांगितलं!"

चौथऱ्यावरची मंडळी हसायला लागली. लेक म्हणाली, "आई, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. माणूस तिकडे एकटा लटकलाय."

खिडकीवरून चांगलीच जुंपली. खालची कडी आधी की वरची, हे काका हातवारे करून समजावत होते, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. तारेवरून ती मुलगी येऊन पोचली होती. तिनं त्यांचा पट्टा आपल्या पट्ट्याला अडकवला आणि तार ओढत ओढत त्यांना पलीकडे नेलं. दहा एक्कावन्न झाले होते.

अजून एक तार बाकी होती. नाहीतर तासाभराची पायवाट. मुलगी म्हणाली, "जोडीनं जा. दोघांचं मिळून वजन बरोबर होईल."

"बघा, माझं वजन एकदाचं कामाला आलं," काकू म्हणाल्या.

दोघं एकदमच सुटले. काकूंनी काकांचा दंड घट्ट धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते. पहिल्या तारेवरही त्यांनी ते उघडले नव्हते, हे काकांना उतरल्यावर कळलं.

परतल्यावर जुन्या कंपनीनं काकांना नव्या मेकॅनिकांना शिकवायला बोलावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की अडकलेल्या लिफ्टवर दोघांनी जायचं. एकानं वर मशीन रूममध्ये, दुसऱ्यानं दाराशी थांबून बोलत राहायचं.

"काय बोलायचं?" एकानं विचारलं.

"काहीही. घरचं विचार. भांडलास तरी चालेल."

सगळे हसले. काकांनी हसू ओसरू दिलं आणि ब्रेकच्या पट्ट्या किती झिजल्यावर बदलायच्या, ते सांगायला घेतलं.