पंचवीस प्रिंट आणि गावाच्या भिंती

परवा सकाळी इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या दारात शेजारची नसरीन उभी. हातात फोन, चेहरा रडवेला. "ताई, बघा माझ्या बहिणीने काय करून ठेवलंय!"

नसरीन मूळची रायगडची, इथे शाळेत चित्रकला शिकवते. धाकटी बहीण रुबिना गावात सरपंचपदाला उभी आहे... मुद्दा एकच, नळाचं पाणी. तिच्या प्रचाराला हातभार म्हणून नसरीनने लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून छपाईचा ठसा केला. विहिरीवर हंडे घेऊन ताटकळलेल्या सात बायका.

हाताने फक्त पंचवीस प्रिंट काढल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर आणि सही. मग पुन्हा छापता येऊ नये म्हणून ठशावर चाकूने फुली मारून टाकली... खलास! आश्वासनांचा स्टॉक कधीच न संपणाऱ्या धंद्यात ही बाई मोजून पंचवीसवर थांबली. मी मनातल्या मनात हात जोडले.

इथे परवानगीशिवाय कुणासाठी पैसे गोळा करता येत नाहीत. म्हणून प्रिंट रुबिनाकडे पाठवायच्या आणि तिने त्या गावच्या मुंबईकरांना विकायच्या, असं ठरलं. इथून सुट्टीला निघालेल्याची बॅग ही सार्वजनिक मालमत्ता असते, त्यामुळे त्या माझ्याच साड्यांच्या घड्यांतून गेल्या. वाकवू नका, ओल्या हाताने धरू नका...

आणि आता फोनवर फोटो. रुबिनाने सगळ्या प्रिंट खळ लावून गावातल्या भिंतींवर चिकटवल्या होत्या!

माझा मुलगा डोकावून म्हणाला, "कूल! नाऊ इट्स स्ट्रीट आर्ट." नसरीनने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दूध न पिताच शाळेला पळाला.

तिने रुबिनाला फोन लावला, स्पीकरवर. "अगं, विकायच्या होत्या त्या! आता दुसऱ्या निघायच्या नाहीत."

"आपा, मुंबईच्या हॉलमध्ये टांगलेलं चित्र बघून इथे कोण मत देणार?" रुबिना शांत. "आणि ऐक. समोरच्या उमेदवाराने माझ्या सगळ्या पोस्टरांवर स्वतःची डकवली. तुझ्या एकाही चित्राला हात लावला नाही."

"का?"

"चित्रातली तिसरी बाई त्याची आई आहे ना! स्वतः लोकांना थांबवून दाखवते... ही बघा मी."

नसरीन दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिली. मग ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "गुडघा दुखायचा तिचा. म्हणून ती अशी एका पायावर भार टाकून उभी राहायची..."

मतदान रविवारी आहे. निकाल काय लागायचा तो लागो, इन्शाल्ला पाणी येवो. राजकारणावर मी एरवी तोंडसुख घेते... पण मुलाच्या विरोधातल्या चित्रापाशी उभी राहून 'ही बघा मी' म्हणणाऱ्या त्या बाईपुढे, खरं सांगते, माझी जीभ पहिल्यांदाच गप्प बसली.