शंभर देते

आमच्या दर्यापुरात कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न एकच असतो. रंग, किंमत, दुकान हे सगळं नंतर. पानठेल्यावरचा विचारतो, दवाखान्याच्या पायरीवर बसलेला विचारतो, मयतीला आलेला माणूसही बाजूला घेऊन हळूच विचारतो, "किती देते?" आणि याचं खरं उत्तर कुणी देत नाही. पन्नास देणारी मोटारसायकल पासष्ट सांगायची, हा आमच्याकडचा रिवाज. कमी देते म्हणणं म्हणजे आपण फसलो हे चारचौघांत कबूल करणं.

पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा मी बिजलीची स्कूटर घेतली. दुकानदार म्हणाला, एकदा चार्ज केली की एकशेवीस देते. तो आकडा कुठल्या तरी गुळगुळीत रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात, एखादा काटकुळा माणूस बसवून काढला असावा. काळ्या मातीत खचलेल्या आमच्या रस्त्यांवर माझ्यासारखा नव्वद किलोचा ऐवज घेऊन ती साठ द्यायची. समोरून वारा असला की पंचावन्न.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. वजन वाढलं की ऊर्जा जास्त लागते, हे फळ्यावर आकृती काढून पोरांकडून घोकून घ्यायचो. आणि संध्याकाळी पानठेल्यावर कुणी विचारलं की सुपारी चघळत सांगायचो, "शंभर देते. आरामात." त्या 'आरामात'ची मला आज किळस येते. शंभर सांगून भागलं असतं, वर आरामात कशाला?

माझं हे सांगणं खरं धरून मागच्या गल्लीतल्या मणियार चाचांनी तशीच गाडी घेतली. चाचा-चाची बांगड्यांच्या दोन पेट्या घेऊन गावोगाव फिरत. नवरीला हळद लागण्याआधी हिरवा चुडा भरायचा, आणि तो ठरलेल्या माणसांकडूनच, असं जुन्या घरांत होतं. आईला चाचांच्या आईने भरला, लेकींना चाची भरणार. पण त्या वर्षांत कापसाला बोंडअळी लागायची, सोयाबीन ऐन सोंगणीला पावसात सडायचं, आणि ठरलेली लग्नं पुढे ढकलली जायची. जी व्हायची त्यांतही नवऱ्या अकोल्याच्या दुकानातून तयार सेट आणायच्या. चाचांची घरं एकेक करून सुटत गेली. बार्शीटाकळीकडचं एक मोठं घर तेवढं टिकून होतं. त्या मे महिन्यात तिथे तीन चुलत बहिणींची लग्नं एकाच मांडवात होती. चाची दोन आठवडे बांगड्या निवडत होती. हे घर राहिलं तर बाकीची परत येतील, असं ती माझ्या बायकोला म्हणाली होती.

वाट सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची. शंभर देणाऱ्या गाडीला एवढं म्हणजे काहीच नाही. नवी गाडी घेऊन चाचा-चाची एवढ्या लांब पहिल्यांदाच निघाले होते.

मी पानठेल्यावर चौघांत बसलो होतो, तेव्हा चाचांचा अकोल्याहून फोन आला.

"मास्तर, काटा वीस टक्क्यांवर आला. अजून बावीस-तेवीस किलोमीटर हाये. इथं चार्जिंगचं दुकान दिसून राहिलं. घंटाभर लावू काय?"

मनात हिशेब लगेच झाला. दोन माणसं, दोन पेट्या, वर ऊन. फार तर दहा-बारा किलोमीटर. पण ते चौघे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्यांतल्या दोघांना मी आदल्याच दिवशी शंभर सांगितलं होतं.

"काही गरज नाही, चाचा," मी म्हणालो. "शेवटी शेवटी काटा असाच भीती दाखवतो. बिनधास्त जा."

"बरं," चाचा म्हणाले. "तुमी म्हनता तं जातो."

तासाभराने पुन्हा फोन. गाडी निजली होती. तेव्हा मी काय बोललो, ते लिहिताना अजूनही तोंड कडू होतं. मी म्हणालो, "टायरात हवा कमी असेल. नाहीतर तुम्ही जोरात चालवली असेल." चाचा म्हणाले, "हो, असन." मी घरी जाऊन आमरस-पोळी खाल्ली आणि कूलर लावून झोपलो. झोपही लागली, मेल्यासारखी गाढ.

पुढचं सगळं नंतर कळलं. गाडी ढकलत दोघं एका पेट्रोल पंपावर पोचले. तिथे चार्जिंगचा खांब होता, पण त्याला बारदान गुंडाळलेलं, आणि लाईनच जोडली नाही म्हणे. पुढे एका शेतकऱ्याने विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप उघडून दिलं, पण त्या आठवड्यात शेतीच्या लाईनची पाळी रात्रीची, दिवसा वीज नाही. येणारी प्रत्येक जीप लग्नाच्या माणसांनी ठासून भरलेली, आणि काचेच्या पेट्या टपावर टाकायला चाची तयार नव्हती. शेवटी एका गावात पिठाच्या गिरणीवाल्याने वायर दिली. लाईन इतकी मंद की गिरणीवाल्याचा पंखा पाती मोजून घ्यावीत तसा फिरत होता. दीड तास ते पिठात बसून राहिले.

मांडवात पोचले तेव्हा चार वाजले होते. तिन्ही पोरींना हळद लागली होती आणि हातांत अकोल्याच्या दुकानातल्या बांगड्या होत्या. एका नवरीची आई चाचीला म्हणाली, "किती वाट पाहाव बाई? मुहूर्त थांबते काय?" मग आग्रहाने जेवायला वाढलं. ती वाईट बाई नव्हती. पण पुढच्या लग्नाचं कुणी काही बोललं नाही, आणि चाचीने विचारलं नाही.

दोन दिवस मी त्या गल्लीतून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. चाची ओसरीवर तीन चुड्यांचे दोरे सोडून बांगड्या परत पेटीत लावत होती. तिने मान वर केली नाही. चाचांनी मात्र खुर्ची झटकून दिली.

मी सगळं सांगून टाकलं. माझी गाडी साठच्या वर कधी गेली नाही. शाळेला जाऊन-येऊन सत्तर होतं, म्हणून रोज दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीतून वायर सोडून ती चार्ज करतो, शाळेच्या बिजलीवर, कपाटाआड लपवून. बोलताना मला माझीच शिसारी येत होती. चाचांनी शिव्या घालाव्यात, निदान ओरडावं, असं वाटत होतं.

चाचा शांतपणे म्हणाले, "मले मालूम होतं, मास्तर. तुमच्या शाळेच्या गावात म्या बांगड्या घेऊन जातो ना. थे वायर म्या कईकदा पाह्यली."

"मग तरी अकोल्याहून मला कशाला विचारलं?"

ते खरंच बुचकळ्यात पडले.

"आता तुमी मास्तर," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्याच पाह्यन्यात फरक असन."