बंद प्रेसचा दुसरा ठोका

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वाळूजच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स प्लॅनिंग बघते... भुतांपेक्षा मला ब्रेकडाऊनची धास्ती जास्त! कोणतं मशीन कधी उघडायचं, कुणाची तपासणी पुढं ढकलली तर चालेल, हे ठरवणं माझं काम.

त्या वर्षी आमचे ऑपरेटर सलीमभाई यांच्या पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसच्या क्लचची तपासणी मी दिवाळीच्या सुट्टीत टाकली होती. तेव्हा लाईन बंदच असते, म्हणजे वेगळा खर्च नाही. मॅनेजरसाहेब खूश झाले. पॅडल एकदा दाबलं की ही प्रेस एकदाच खाली यायला हवी. क्लचनं दगा दिला तर ती आपोआप पुन्हा येते — आणि तोवर ऑपरेटरचा हात पत्रा काढायला आत गेलेला असतो. पण सलीमभाईंची काहीच तक्रार नव्हती.

खंडेनवमीची सकाळ. मेन स्विच खाली, आजूबाजूचे कारखानेही गप्प. सलीमभाई खुलताबादहून झेंडू घेऊन आले होते. आपल्या प्रेसला हार दरवर्षी तेच घालतात. मी कुंकू लावायला बोट टेकवलं... आणि आत ठोका पडला. ठक. लगेच पुन्हा — ठक.

मी हात झटकन मागं घेतला. प्रेसचं वरचं चाक तर जरासुद्धा हललं नव्हतं.

"सलीमभाई, इथं हात लावा बरं."

त्यांनी तळवा टेकवला. "काय नाय मॅडम. थंडगार हाय की वो."

मी पुन्हा लावला. ठक, ठक.

"ही आजच उघडायची," मी मॅनेजरसाहेबांना म्हणाले.

"दिवाळी तुम्हीच ठरवली ना? आता काय अंगात आलं?"

हसले सगळे. दसरा झाला की दिवाळीपर्यंत मालाच्या घाईत कुणी उघडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. "साहेब, ही उघडल्याशिवाय सलीमभाई हिच्यावर बसणार नाहीत!" माझा आवाज चिरकला. लाज वाटली, पण हटले नाही.

फिटर तयार होईना. पाने-हातोड्या पूजेत मांडलेल्या, आज त्यांना हात कसा लावायचा? शेवटी सलीमभाईंनीच पाना कपाळाला लावून उचलला. क्लच उघडला. आतली 'की', म्हणजे चाकाला शाफ्टशी जोडणारी लोखंडी खिट्टी, आरपार तडकली होती, कशीबशी तग धरून होती.

सलीमभाई नुसती उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत राहिले.

नवरा म्हणतो, तुझीच नाडी असेल. असेलही... पण नाडी दोनच ठोके देऊन थांबते का?

सलीमभाईंनी एकदाच विषय काढला. "मॅडम, हात माझा जाणार होता. इतक्या वर्षांची सोबत आमची. मग मला का नाय सांगितलं तिनं?"

"तारीख माझ्या हातात होती, सलीमभाई."

ठोके कुणी दिले, ते आजही माहीत नाही. तपासणी पुढं ढकलायची असली, की आधी जाऊन मशीनवर हात ठेवते... आणि काही जाणवलं नाही, तरी हात लवकर काढवत नाही.